कादंबरीतला लेफ्टनंट १९४५ नंतर काय करतो?

माणगंगा

मंडळी, एका कादंबरीवर काम चालू आहे आणि गाडी चिखलात रुतली आहे. सल्ला हवाय.

नायक सातारा जिल्ह्यातला, जन्म १९२०चा, पुण्यात बीए केलेला. १९४२ मध्ये इमर्जन्सी कमिशन (युद्धापुरतं अधिकारीपद) घेतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत जातो, १९४४ला इंफाळच्या वेढ्यात सापडतो. धाकटा भाऊ त्याच काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारात. म्हणजे थोरला राजाच्या गणवेशात आणि धाकटा त्याच राजाच्या पोलिसांपासून उसाच्या फडात लपलेला. इंफाळपर्यंतचा मजकूर लिहून झालाय.

अडतंय पुढे. युद्धावरच्या बहुतेक गोष्टी जर्मनी-जपान शरण आले की दम टाकतात. नायक पत्र्याची ट्रंक घेऊन बोरीबंदरला उतरतो, आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, खेळ खलास. मला मात्र वाटतं की या माणसाची खरी पंचाईत त्याच दिवशी सुरू होते. ज्या बादशहाच्या नावाने शपथ घेतली तो दोन वर्षांत गाशा गुंडाळणार. गावात धाकट्या भावाचे पोवाडे, आणि हा छातीवर बर्मा स्टार (बर्माच्या लढाईचं ब्रिटिश पदक) लावून उभा! नोकरी राहील की जाईल, तेही माहीत नाही.

भावाला प्रतिसरकारातून काढून आझाद हिंद फौजेत घालावं का, असाही विचार आहे. समोरासमोर येतील. पलटण कितवी, तेही अजून पक्कं केलेलं नाही. बोला.

कर्दळी

वाचतेय. भावाला हलवू नका! सख्खे भाऊ बंदुका घेऊन समोरासमोर हे सिनेमात शंभरदा झालंय. तुमच्याकडे जे आहे ते जास्त अवघड आहे, कारण हे दोघे एकमेकांवर गोळी झाडूच शकत नाहीत. वर्षाकाठी एका पंगतीत बसून जेवतात आणि मध्ये आई असते.

तंबूतला_उंट

माणगंगाराव, फौजेत नोकरी केली आहे (फार नंतरच्या काळात), त्यामुळे आधी पलटणीचं बोलतो. ती ठरली की अर्धं कथानक आपोआप ठरतं, लेखकाच्या हातात फारसं राहत नाही.

इंफाळला २३वी इंडियन डिव्हिजन होती. तिच्या ४९ ब्रिगेडमध्ये मराठ्यांची चौथी आणि सहावी पलटण. चौथीने मार्च १९४४ मध्ये सांगशाकला ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांना अडवून धरलं. २२ ते २६ मार्च. पाण्याचे हाल, खडकाळ जमीन, खंदक धड खोदता येत नाहीत. हे तुम्ही लिहिलंच असेल.

आता पुढचं. ही डिव्हिजन रंगूनला गेलीच नाही. १९४४च्या उन्हाळ्यानंतर तिला मागे भारतात घेतलं आणि मलायाच्या समुद्रावरून उतरण्यासाठी तयार केलं. सप्टेंबर १९४५ मध्ये ती मलायात उतरली तेव्हा जपान शरण येऊन गेला होता. म्हणजे तुमचा लेफ्टनंट ज्या लढाईची तालीम करत बसला ती झालीच नाही. घरी सोडतील म्हणून वाट बघतोय, तर हुकूम आला: जावा.

४९ ब्रिगेड २५ ऑक्टोबर १९४५ला जावाच्या सुराबाया बंदरात उतरली. चार हजारांच्या आसपास माणसं, ब्रिगेडियर मॅलबी. काम काय, तर जपान्यांची शस्त्रं काढून घेणे आणि छावण्यांत अडकलेले डच कैदी, बायकापोरं बाहेर काढणे. कागदावर पुण्यकर्मच. पण इंडोनेशियाने १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर केलेलं होतं. जपान्यांची शस्त्रं तरुणांच्या हातात गेलेली. त्यात २७ तारखेला विमानातून पत्रकं पडली, शस्त्रं खाली ठेवा नाहीतर गोळी घालू. दुसऱ्या दिवशी शहर उठलं. ब्रिगेड लहान लहान तुकड्यांत शहरभर विखुरलेली, कुणाचा कुणाशी संपर्क नाही. दारूगोळा संपलेल्या तुकड्या कापल्या गेल्या. २९ला इंडोनेशियाचे नेते सुकार्नो यांना विमानाने आणून तह केला आणि ३० तारखेला लाल पुलाजवळच्या इंटरनॅशनल बिल्डिंगसमोर मॅलबी मारला गेला. त्या इमारतीत सहाव्या मराठा पलटणीचीच कंपनी होती.

पुढे ५वी इंडियन डिव्हिजन आली, आणि १० नोव्हेंबरपासून जहाजांच्या तोफा आणि विमानं लावून शहर घेतलं. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

बघा आता. सातारचा पोरगा, ज्याचा भाऊ तिकडे इंग्रजाविरुद्ध लढतोय, तो इथे डचांचं राज्य परत यावं म्हणून दुसऱ्या गुलाम देशातल्या पोरांवर बंदूक रोखून उभा. ती पोरं त्याला विचारणारच, बाबा तू इथे कशाला? तुम्हाला यापेक्षा मोठी पंचाईत कल्पनेनेही रचता येणार नाही. आयती आहे.

शनिवारवाड्याच्या_दक्षिणेला

उंटसाहेब, माहिती उत्तम, पण वाचक सुराबायापर्यंत येईल का? मराठी माणसाला पानिपत ठाऊक, बर्मा कसाबसा ठाऊक. जावा म्हटलं की मोटरसायकल आठवते. कादंबरीचा जीव साताऱ्यात असेल तर नायकाला बोटीत घालून इतक्या लांब नेणं म्हणजे धागा तुटणं.

आणि विश्राम बेडेकरांनी 'रणांगण'मध्ये बोटीवरच सगळं महायुद्ध बसवलं, एकही तोफ न उडवता. तोफांचा सोस कमी करा असं माझं मत.

तंबूतला_उंट

धागा तुटत नाही, तिथेच गाठ बसते. दोन तारखा शेजारी ठेवा. ५ नोव्हेंबर १९४५, दिल्लीत लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, सहगल, धिल्लन यांच्यावरचा खटला उभा राहिला. १० नोव्हेंबरला सुराबायावर तोफा. एकाच आठवड्यात! एक हिंदी अधिकारी राजाविरुद्ध युद्ध पुकारलं म्हणून पिंजऱ्यात, दुसरा राजाचं युद्ध संपल्यावरही त्याच्यासाठी लढतोय. मेसमध्ये रेडिओ असणार, पेपर उशिरा का होईना पोचणार. काय बोलत असतील हे लोक रात्री? गोरे अधिकारी त्याच टेबलावर बसलेले असताना?

तोफा नकोत म्हणता ना? मग हे टेबल घ्या.

कोल्हापुरी_रस्सा

भावाभावांचं नाटक नको म्हणता ते बरोबर, पण आझाद हिंद फौज कादंबरीबाहेर ठेवू नका राव. आमच्याच भागातले दोन खरे माणूस बघा.

एक शंकरराव थोरात. वडगावचे, जन्म १९०६चा, इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकॅडमीत शिकलेले. जानेवारी १९४५ मध्ये बर्माच्या आराकान किनाऱ्यावर कांगॉच्या लढाईत २/२ पंजाबचे (म्हणजे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे) कमांडिंग ऑफिसर. त्याच ५१ ब्रिगेडमध्ये थिमय्या ८/१९ हैदराबादचे आणि एल. पी. सेन १६/१० बलुचचे. म्हणजे तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी. ब्रिगेडियर मात्र गोराच. मेलरोझ नावाची टेकडी शेवटी थोरातांच्या पलटणीने संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक.

दुसरे जगन्नाथराव भोसले. तिरोड्याचे, सावंतवाडीकडचे. तेही सँडहर्स्टचेच. सिंगापूर पडलं तेव्हा कैद झाले आणि नेताजींच्या फौजेत चीफ ऑफ स्टाफ. पुढे रत्नागिरीतून लोकसभेत, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री.

दोघंही मराठा सरदारी वळणाच्या मुलखातले, एकाच शाळेचे. एकाच्या छातीवर डीएसओ, दुसरा नेताजींच्या फौजेचा कारभारी. एकाला स्वतंत्र हिंदुस्थानच्या फौजेत लेफ्टनंट जनरल होता आलं. दुसऱ्याला त्या फौजेचं दार बंद होतं, कारण स्वातंत्र्यानंतरही आझाद हिंदवाल्यांना परत पलटणीत घेतलं नाही. मंत्री केलं, पण गणवेश दिला नाही. ही मेख कुणी कादंबरीत धरलेली मी तरी वाचली नाही.

आणखी एक. थोरात मूळचे १/१४ पंजाबचे. आझाद हिंद फौज पहिल्यांदा उभी करणारे मोहनसिंग याच पलटणीचे. शाहनवाज, धिल्लन याच पलटणीचे. आणि पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयूब खानही. एका मेसच्या जुन्या फोटोत ही मंडळी शेजारी शेजारी बसवली तर पुढचा सगळा हिंदुस्थान-पाकिस्तान तिथेच दिसतो.

माणगंगा

कोल्हापुरी, हे फार कामाचं आहे. नायकाचा एखादा ज्येष्ठ मित्र दाखवता येईल, सिंगापूरला कैद झालेला. नायकाला त्याच्याबद्दल नक्की काय वाटतं हे त्याचं त्यालाच कळत नाही. राग, हेवा, शरम... क्रम रोज बदलतो.

कोल्हापुरी_रस्सा

आणि चौकशी होते तेव्हाचे तपशील टाका. परत आलेल्या कैद्यांना पांढरे, करडे, काळे अशा तीन रंगांत वाटलं होतं. पांढरा म्हणजे निष्ठावंत, त्याला परत घेतलं. करडा म्हणजे भुललेला, त्याला घरी पाठवलं. काळा म्हणजे मनापासून गेलेला, बडतर्फ. आता तुमचा लेफ्टनंट मित्राला ओळखतो म्हणून त्याला साक्षीला बोलावलं तर? "हा कोणत्या रंगाचा?" एवढंच विचारायचं.

लाल किल्ल्याच्या तिघांना ३१ डिसेंबरला जन्मठेप झाली आणि ३ जानेवारीला सरसेनापती ऑकिनलेकनी ती माफ केली, एवढं कथानकात जमवा. खटल्याचा निकाल आणि माफी यामध्ये तीन दिवस. खटला चालू असताना देश पेटलेला होता.

निळी_शाई

चर्चा छान. पण एक गोष्ट कुणीच विचारलेली नाही, नायकाची जात काय? पुण्यात शिकलेला, मराठा पलटणीत अधिकारी. मराठा असेल तर एक कादंबरी होते, ब्राह्मण असेल तर दुसरी. ब्राह्मण असेल तर १९४८च्या फेब्रुवारीत त्याच्या गावात, साताऱ्यातच, गांधीहत्येनंतर घरं जळली आहेत. इंफाळला ज्या जवानांनी त्याला पाठीवर घालून आणलं, त्यांच्याच भाऊबंदांनी त्याचा वाडा पेटवला, असं लिहायची तयारी आहे का? की ते 'संवेदनशील' म्हणून गाळणार?

दुसरं. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ला मोडली. गरज सरो वैद्य मरो. पुन्हा महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर बसून पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. कॅप बॅजवर कोरेगावचा जयस्तंभ. ज्यांना फौजेची दारं लावून घेतली होती त्यांना हे युद्ध म्हणजे काय वाटलं असेल? 'इंग्रजासाठी का लढलात' हा प्रश्न तुमच्या नायकाला टोचतो. महार सुभेदाराला तोच प्रश्न विचारा, तो म्हणेल आधी तुमच्या विहिरीचं बोला.

ऑगस्ट १९४७ला पंजाब बाउंडरी फोर्समध्येही (फाळणीत पंजाबात शांतता राखायला काढलेली फौज) महार पलटणी होत्या. हिंदू, शीख, मुसलमान यांच्या कापाकापीत तटस्थ म्हणून कुणाला उभं करायचं, तर यांना. यावर स्वतंत्र कादंबरी व्हायला हवी. तुम्ही निदान एक पात्र तरी द्या आणि त्याला चहा देणारा करू नका.

शनिवारवाड्याच्या_दक्षिणेला

निळी शाई, शंभर टक्के अनुमोदन. वाड्याची गोष्ट आमच्या घरात आजी सांगायची. कोणाचा राग न धरता सांगायची, त्याचंच मला नवल वाटायचं. लिहा माणगंगा, गाळू नका.

अनुस्वार

मोठ्या घटना पुष्कळ झाल्या. अधिकाऱ्याचा रोजचा दिवस कसा जातो त्यावर दोन गोष्टी.

१) पत्रं. जवानांची पत्रं सेन्सॉर होत. वरच्या पातळीवर सेन्सॉरवाले त्यांतून फौजेच्या मनःस्थितीचे अहवाल काढत. आता पलटणीत मराठी वाचणारा एक तरुण अधिकारी आहे म्हटल्यावर हे काम त्याच्या गळ्यात पडणारच. त्यात युद्ध फार कमी असतं. १९४३ची महागाई असते. धान्य मिळत नाही, बैल विकला, चुलत्याने बांध कोरला, मनीऑर्डर पोचली की नाही ते कळव. कोण कुणाच्या बायकोवर संशय घेतो, कुणाचा मुलगा गेला हे त्या मुलाच्या बापाआधी या पोराला कळतं. बाविसाव्या वर्षी शंभर घरांची गुपितं डोक्यात, आणि सकाळी त्याच माणसांना परेडवर उभं करायचं. मी असतो तर कादंबरीचा अर्धा भाग इथेच काढला असता.

२) गोळ्या. बंदुकीच्या नव्हे, मेपाक्रिनच्या. बर्मात शत्रूपेक्षा जास्त माणसं आजाराने निकामी होत. मलेरियावरची ही गोळी रोज घ्यायची, तिने कातडी पिवळी पडायची, आणि ती घेतली की नपुंसक होतो अशी अफवा. बर्मातल्या फौजेचा सेनापती जनरल स्लिम, त्याने अचानक तपासण्या लावल्या. पंचाण्णव टक्क्यांहून कमी जवानांच्या अंगात औषध सापडलं तर कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना हाकलल्यावर बाकीचे समजले. तर तुमचा लेफ्टनंट रोज संध्याकाळी रांग लावून प्रत्येकाला जीभ बाहेर काढायला लावणार. शौर्य वगैरे नंतर.

कर्दळी

अनुस्वार, पत्रांचा मुद्दा लाख मोलाचा. त्यात माझी भर.

पत्र गावाकडून येतं तेव्हा ते लिहिलेलं असतं दुसऱ्याच कुणी. बाई सांगते, शाळामास्तर किंवा पोरगं लिहितं. म्हणजे तिला जे सांगायचंय ते मास्तरसमोर सांगता येईल एवढंच. तिकडे ते अधिकारी वाचणार, मग जवानाला वाचता येत नसेल तर आणखी कुणी वाचून दाखवणार. नवरा-बायकोमध्ये किती परकी माणसं! यातून एक बाई काहीतरी खुणेने सांगते आणि लेफ्टनंटाला ती खूण कळते, असं काही करता येईल.

आणि मनीऑर्डर. प्रतिसरकारच्या माणसांनी १९४३ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, टपाल कचेऱ्या फोडल्या, हे इतिहासात आहे. धाकट्या भावाच्या टोळीने टपाल लुटलं आणि त्यात दादाने आघाडीवरून आईला पाठवलेले पैसे निघाले तर? हा प्रसंग मला तुमच्याकडून हवाच आहे. त्यात कुणी कुणाला बंदूक दाखवत नाही. धाकटा ते पैसे आईला नेऊन देईल का? कोणत्या तोंडाने?

अवांतर: अधिकाऱ्यावरच्या गोष्टीत बायका फक्त स्टेशनावर रडायला असतात. १९४२ला विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघाली होती, टायपिंग, टेलिफोन, सायफरचं (सांकेतिक संदेशांचं) काम मुली करत होत्या. पुण्यात बीए झालेल्याच्या वर्गात मुली असणारच. एखादीला तिथे घाला. लग्नासाठी नव्हे, कामासाठी.

माणगंगा

कर्दळीताई, मनीऑर्डरचा प्रसंग घेतला असं समजा. श्रेयनामावलीत नाव येईल.

निळी शाई, नायक मराठाच ठेवतोय, पण त्याचा पुण्यातला खोलीसोबती ब्राह्मण आहे आणि तोही इमर्जन्सी कमिशनवर आहे. १९४८ त्याच्या वाट्याला जाईल. नायक त्या रात्री गावात असतो. काय करतो, हे ठरवायला मला वेळ लागणार आहे. महार सुभेदाराचं पात्र माझ्या आराखड्यात नव्हतं, आता येईल, आणि तो चहा देणार नाही.

उंटसाहेब, सुभेदारावरून आठवलं. लेफ्टनंट आणि सुभेदार यांचं नातं कागदावर लिहिताना सतत खोटं वाटतंय. मदत करा.

तंबूतला_उंट

खोटं वाटतंय कारण तुम्ही लेफ्टनंटाला वर ठेवताय. हुद्द्याने तो वर आहेच. पण प्लाटून चालवतो सुभेदार किंवा जमादार, व्हाइसरॉयचं कमिशन असलेला. शिपाई म्हणून भरती झालेला, वीस वर्षं काढलेला, इरिट्रियातलं केरेन किंवा सरहद्दीवरचं वझिरिस्तान बघितलेला. पहिल्या महायुद्धात तर लढाऊ पलटणीतला हिंदी अधिकारी म्हणजे हाच. राजाचं कमिशन हिंदी माणसाला मिळायला १९१७ उजाडावं लागलं, आणि तेही मूठभर. १९२३ला आठ युनिटं फक्त हिंदी अधिकाऱ्यांसाठी काढली, म्हणजे गोऱ्याला काळ्याच्या हाताखाली जावं लागू नये. त्या आठात मराठ्यांची पाचवी रॉयल पलटण होती. डेहराडूनची अकॅडमी १९३२ची. महायुद्धाच्या सुरुवातीला काही शेकड्यांत असलेले हिंदी अधिकारी शेवटी आठ हजारांच्या घरात गेले. तुमचा बीए त्या लोंढ्यातला.

आता सुभेदाराच्या नजरेने बघा. आजवर साहेब म्हणजे गोरा. गोरा साहेब चुकला तरी गोरा असतो. आता समोर आपल्याच तालुक्यातलं पोरगं, ज्याच्या चुलत्याची आणि आपली पाणंदीवरून भांडणं आहेत, आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकायचा. ठोकतो. पण पहिले सहा महिने त्याच्याशी मराठीत एक वाक्य बोलत नाही, फौजी हिंदुस्थानीतच बोलतो. जेव्हा बोलतो तेव्हा प्रसंग तसाच हवा. सुराबायात, कंपनी अडकलेली असताना, सुभेदार पहिल्यांदा मराठीत विचारेल: "आता काय करायचं, बाळासाहेब?" आणि लेफ्टनंटाला उत्तर माहीत नसेल.

बाकी नायक हुद्द्याने नाईकही (छोट्या सेक्शनचा म्होरक्या) असू शकतो हे विसरू नका. यशवंत घाडगे नाईकच होते, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ला इटलीत, तैबरच्या खोऱ्यात, सेक्शन सगळी पडली तरी एकटे मशीनगनवर चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह मिळाला नाही. मोंटोन गावात २०२३ला त्यांच्या नावाने सौर घड्याळाचं स्मारक झालं.

योकोहामा_मेल

जपानमधून लिहितोय. शनिवारवाडावाल्यांना जावा लांब वाटत असेल तर आमच्याकडे या. मराठ्यांची पहिली पलटण, जंगी पलटण, इटलीत लढली. नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच. तिला १९४६ला कुठे पाठवलं? जपानला, ताबा फौजेत. ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामाला, प्रमुख मेजर जनरल कावन. टोकियोत सम्राटाच्या राजवाड्याबाहेर पाळीपाळीने पहारा असे, त्यात हिंदी जवानही उभे राहिले आहेत. कोकणातला, देशावरचा माणूस हिरोहितोच्या दाराशी संगीन घेऊन!

या फौजेत स्थानिकांशी मिसळायचं नाही असा कडक नियम होता. समोर हिरोशिमाच्या बाजूची उपासमार, पोरं चॉकलेट-बिस्किटं मागतायत, आणि बंगालचा दुष्काळ बघून आलेल्या अधिकाऱ्याने नजर दुसरीकडे वळवायची. १९४७ला हिंदी तुकड्या परत निघाल्या तेव्हा घरी दोन देश होत होते. ओकायामाला एकत्र राहिलेली मुसलमान कंपनी आणि शीख कंपनी वेगवेगळ्या फौजांत गेली.

शनिवारवाड्याच्या_दक्षिणेला

हा मुद्दा निघालाच आहे तर विनंती. फाळणीचा तो मेसमधला निरोपसमारंभ नको. दिल्लीच्या जिमखान्यातला, चांदीचा चषक, गळ्यात गळे, "ऑल्ड लँग साइन". झाला असेल खरा, पण इतक्यांनी लिहिलाय की आता रडू येत नाही. त्यापेक्षा मेसचं सामान कसं वाटलं ते लिहा. कोणता गालिचा कुणाला, पलटणीचा बँड कुठे, हिशेबाच्या वह्या कुणाकडे. क्लार्क लोकांनी वाटणी केली असणार, त्यांनाच विचारा.

मराठा रेजिमेंट मात्र सगळी हिंदुस्थानच्या वाट्याला आली, त्यामुळे तुमच्या नायकाच्या मेसचा गालिचा वाचला. पण त्याचा मित्र पंजाबी पलटणीतला असेल तर बघा.

अनुस्वार

नोकरीचंही विसरू नका. युद्ध संपल्यावर इमर्जन्सी कमिशनवाल्यांना कायम करण्यासाठी पुन्हा निवड मंडळासमोर उभं केलं. पुष्कळ जण बाहेर पडले. कॅप्टन म्हणून शंभर माणसं सांभाळलेला गडी मामलेदार कचेरीत अर्ज घेऊन उभा. युद्धसेवा केलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत जागा राखल्या होत्या, पण तिथे मुलाखत घेणारा काँग्रेसवाला असेल तर "बेचाळीसला तुम्ही कुठे होतात?" हे विचारणारच.

माणगंगा

ठरवतोय ते सांगतो. इंफाळ मागे टाकतो, ते आठवणीतून येईल. कादंबरी सुराबायाच्या बंदरात सुरू होईल, २५ ऑक्टोबरला, आणि फेब्रुवारी १९४८पर्यंत जाईल. पलटण सहावी. जपान मोहाचं आहे पण सोडतोय, एकाच माणसाला एवढं फिरवलं तर तो प्रवासवर्णन लिहायला बसेल. योकोहामा, तुम्हीच लिहा ते.

मुलाखतीचा प्रसंग घेणार. प्रश्न विचारणारा मात्र धाकटा भाऊ असावा का, यावर घरात वाद चालू आहे. बायको म्हणते नको.

कर्दळी

वहिनींचं ऐका.

तंबूतला_उंट

मीही म्हणतो नको. धाकट्याला मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवा, त्याचंही काहीतरी काम अडलेलं असू दे. प्रतिसरकारवाल्यांना तरी सत्तेचाळीसनंतर कुणी लगेच खुर्ची दिली?

आणि हो, बंदराचं नाव तांजुंग पेराक. पहिलं प्रकरण झालं की इथे टाका, गणवेशाच्या चुका मी काढतो. जावाच्या उकाड्यात लोकरी जर्सी घातलेली दिसली तर पुढचं वाचणार नाही.